दुपारी मिटलेलं केळीचं पान

नमस्कार श्रोतेहो. मे महिना, खानदेश, पारा ४५ अंशांना टेकलेला. अशा वेळी रावेर-यावलच्या रस्त्यानं भर दुपारी गेलात तर केळीच्या बागांकडे जरा बघा. पानं मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंनी खाली मिटलेली, छत्री मिटावी तशी. बघणाऱ्याला वाटतं, गेली बाग!

मलाही तसंच वाटलं होतं. आधी तो किस्सा सांगतो, शास्त्राचं मग बघू.

बारावीची परीक्षा देऊन मी मामाकडे गेलो होतो. लग्नसराई होती. मामा-मामी भुसावळला लग्नाला निघाले. (तेव्हा मांडवाच्या दारात खरे केळीचे खांब असायचे. आता प्लॅस्टिकची केळ उभी करतात, तीही जळगाव जिल्ह्यात! असो.) जाताना मामा म्हणाला, "भाचेबुवा, बागेवर नजर ठेव. पाणी पहाटेच दिलंय. कशाला हात लावू नको."

बारा वाजता बागेत गेलो, तर सगळ्या पानांनी माना टाकलेल्या. निसवलेली बाग, घड लोंबतायत, आणि मामाची वर्षाची कमाई माझ्या डोळ्यांदेखत सुकतेय! नशिबानं, म्हणजे मामाच्या कमनशिबानं, वीज होती. मोटार चालू केली, ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह उघडले. तेवढ्यानं जीव भरेना, म्हणून पाइप घेऊन खोडाखोडाशी पाणी सोडत फिरलो. चार तास! ऊन कललं तशी पानं हळूहळू उघडायला लागली. माझी छाती फुगली. बाग वाचवली की हो!

मामा आला तो घोटाभर चिखलात. बोलला काहीच नाही. मनगट धरून मला बांधापलीकडे शेजाऱ्याच्या बागेत नेलं. तिथं दुपारभर एक थेंब पडला नव्हता, आणि तिथलीही पानं मस्त पसरलेली. मामा म्हणाला, "आणि यांना रे कोणी वाचवलं?"

तर गोष्ट अशी. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. केळीच्या पानाला ती वरून थोडी आणि खालून कितीतरी पट जास्त. अन्न तयार करायला लागणारी हवा तिथूनच आत येते आणि पाणी वाफ होऊन तिथूनच बाहेर जातं. दार एकच. हवा फार कोरडी झाली, की केळ हे दार ओढून घेते. मुळाशी पाणी असलं तरी. पुन्हा सांगतो, मुळाशी पाणी असलं तरी! पान मिटलं की त्याला ऊन कमी लागतं आणि छिद्रांची बाजू आत झाकली जाते. आपण दुपारी खिडक्या लावून बसतो, तसंच. तेवढा वेळ अन्नाचं काम मंदावतं, पण जीव राहतो.

निवडुंग रात्रीच्या गारव्यात दारं उघडतो. केळीला ते जमत नाही. ती मूळची आग्नेय आशियातल्या दमट रानातली. म्हणून तर उन्हाळ्यात भरल्या केळीला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि गरम वारा अडवायला बागेभोवती शेवरी लावतात.

आता माझी खरी चूक. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि श्वास त्यांनाही लागतो. मातीत पाणीच पाणी झालं की हवेला जागा उरत नाही. पानं आपलं आपण सांभाळत होती. गुदमरवलं मी मुळांना. म्हणून शेतकरी वाफशाची वाट बघतो. वाफसा म्हणजे मातीत ओलही आणि हवाही.

मामानं वाफसा येईपर्यंत मोटारीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "सकाळी आठला पान मिटलेलं दिसलं तर मला हाक मार. दुपारी दिसलं तर घरी जाऊन झोप."

चिखलात रुतलेल्या त्याच्या चपला लग्नासाठी घेतलेल्या, कोऱ्या होत्या. त्या मीच धुतल्या. नमस्कार.