वैतरणेच्या दरीतून सायकल: कसारा, खोडाळा आणि अप्पर वैतरणा, दोन दिवसांत

(घराच्या जिन्याखाली सायकल उभी आहे, मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावलेले. हातात पाण्याची बाटली.)

नमस्कार मंडळी. आधी ही बाटली बघा. आज पहाटे लालबागला आमच्या नळाला पाणी आलं, तेव्हा भरलेली. आता हीच बाटली सायकलला लावून मी त्या नदीवर निघालोय, जिथून मुंबईचं पाणी येतं. दोन दिवस, साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर, आणि मध्ये एक खोल दरी.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आपण शाळेत पाठ केलेत. विहार आणि तुळशी तर इथेच, नॅशनल पार्कच्या जंगलात. बाहेरचे पाच म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. त्यातली तीन धरणं एकाच नदीवर आहेत, एकाखाली एक. ती नदी वैतरणा. उगम त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत. त्याच डोंगरातून गोदावरी निघते आणि पूर्वेला जाते, ही मात्र पश्चिमेला वळून सह्याद्री उतरते. विरारच्या पुढे लोकल ज्या मोठ्या पुलावरून जाते ना, ती हीच नदी, समुद्राजवळ पोचलेली.

(नकाशा. बोटाने नदीची रेघ दाखवायची.)

पावसाळ्यात पेपरात रोज एक तक्ता येतो, तलावांची पातळी, म्हणजे पाणी किती उंचीवर आहे ते, खोली नव्हे. तो मी कापून ठेवलाय. पूर्ण भरल्यावर अप्पर वैतरणा ६०३.५१ मीटर, मध्य वैतरणा २८५ मीटर, मोडकसागर १६३.१५ मीटर. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत नदी चारशे मीटरच्या वर खाली येते. आपल्या राइडचा चढ-उतार साधारण यातल्या पहिल्या दोन आकड्यांत आला. नदी एवढी झपाट्याने उतरते, म्हणूनच तिने दरी कापली. आणि दरी अरुंद, दोन्ही बाजूंना कातळ, म्हणूनच तिथे धरण बांधणं सोपं गेलं. मध्य वैतरणाची भिंत शंभर मीटरहून उंच आहे, २०१४ मध्ये ते धरण सुरू झालं. मोडकसागर त्याच्या बराच आधीचा, १९५७ चा. महापालिकेच्या मोडक नावाच्या अभियंत्यांवरून त्याचं नाव पडलं.

आता रस्ता.

पहाटेची कसारा लोकल पकडायची. सायकल लगेजच्या डब्यातून, लगेजचं तिकीट काढून. खिडकीवर आधी विचारून घ्या आणि गर्दीच्या वेळी हा प्रयत्न करूच नका, कामावर निघालेल्या माणसांची अडचण होते. कसाऱ्याला उतरलात की नाशिकच्या दिशेने महामार्गावर थोडं जायचं आणि मोठा घाट सुरू व्हायच्या आत डावीकडे, खोडाळा-जव्हारच्या रस्त्याला वळायचं. हे वळण घेतलं की ट्रकचा आवाज मागे पडतो. दोन्ही बाजूंना साग, मधे भाताची खाचरं, उतारांवर नाचणी आणि वरई. बारा-तेरा किलोमीटरवर विहीगाव. तिथला धबधबा पावसाळ्यात फार गर्दीचा. प्रशासन कधी कधी बंदीही घालतं, तेव्हा ती पाळा. पाण्याचा जोर वाढायला काही मिनिटं पुरतात.

विहीगाव सोडलं की खरी राइड सुरू होते. रस्ता दरीत उतरू लागतो.

घाट आणि दरी यांतला फरक मला इथे कळला. घाटात आधी चढ असतो. सकाळी, ताज्या पायांनी, गार हवेत तुम्ही चढता आणि मग उतरता. दरीत हे उलटं होतं. आधी मस्त उतार, वारा अंगावर, हसत हसत खाली. पुलावर थांबून फोटो. आणि मग दहा-साडेदहाच्या उन्हात, वाराही नसलेल्या त्या खोबणीतून, सामानासकट वर चढायचं. म्हणून पुलावर वेळ घालवा, पण पुलाच्या आधी नको. नऊच्या आत पुलावर पोचायचं, हा माझा नियम.

उताराबद्दल जरा थांबून बोलतो, कारण मी तिथे चुकलोय. पहिल्यांदा आलो तेव्हा मागचा ब्रेक अख्खा उतार दाबून धरला. साधे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला, रिमला, रबर घासून थांबवणारे, आणि मागे बारा किलो सामान. अर्ध्यावर रबर जळाल्याचा वास आला. थांबलो, रिमजवळ बोट नेलं तर धग लागत होती. अशा वेळी ट्यूब फुटू शकते, आणि ती फुटते नेमकी वळणावर. तेव्हापासून दाबा आणि सोडा. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे, सरळ पट्ट्यात रिमला वारा लागू द्यायचा. डिस्क ब्रेक असले तरी हेच. आणि निघायच्या आदल्या रात्री ब्रेकचे पॅड बघा, फार झिजले असतील तर बदला.

(पुलाचं चित्रीकरण. वारा माइकमध्ये येतोय, तसाच ठेवायचा.)

हा पूल. खाली मध्य वैतरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे साठलेलं पाणी. दरीच्या भिंती नीट बघा. आडव्या पट्ट्या दिसतात, उघडा कातळ, त्याखाली झाडीची रांग, परत कातळ, परत झाडी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. टणक थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजून तिथे माती धरते आणि त्या मातीत झाडं उगवतात. पूल ओलांडून चढायला लागलात की हेच थर तुमच्या पायांनाही कळतात. एक टप्पा अंगावर येणारा, मग जरा सपाट, परत अंगावर येणारा.

या चढासाठी गिअर हलका हवा. हिशेब सोपा आहे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३४ दात्यांची, तर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी साडेसात किलोमीटर. सामानासकट चढावर हा वेग पुरेसा आहे, त्याहून जोर लावला की गुडघे बोलायला लागतात. पुढे ३० किंवा त्याहून छोटी चकती असेल तर फारच उत्तम. टायर किमान ३२ मिलिमीटरचे. जड सामान पॅनिअरच्या तळाशी, चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं. पाठीवर सॅक घेऊन निघालेले बरेच जण दिसतात, पण चढावर पाठ घामाने भिजते आणि उतारावर तोल जातो.

आता पाणी. या व्हिडिओत मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोलायचं होतं.

एका मे महिन्यात मी याच चढावर होतो. दोन बाटल्या होत्या, दोन्ही साडेदहालाच संपल्या. रस्त्याला लागून एक पाडा, सात-आठ घरं. पहिल्या घराच्या पडवीत एक मावशी बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, प्यायला पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या, "मिळल ना. बस सावलीला." कोपऱ्यात स्टीलचा हंडा, त्यावर ताटली झाकलेली. त्यांनी ताटली उचलून आत भिंतीशी उभी ठेवली. तांब्या बुडवताना पाणी हलू दिलं नाही. माझ्या बाटलीचं तोंड अरुंद, तरी एक थेंब बाहेर सांडला नाही. एक बाटली भरली. दुसरी मी मागे घेत होतो, ती त्यांनी हातातून ओढूनच घेतली. "भर. पुढं चढ हाय."

मी विचारलं, कुठून आणता? त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं. "डवऱ्यातून. सकाळपासून ही दुसरी खेप." डवरा म्हणजे कोरड्या ओहोळात खणलेला खड्डा, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीने गोळा करायचं. त्यांच्या पडवीतून धरणाचं पाणी दिसत होतं, निळं, लांबपर्यंत. पण ते दरीच्या तळाशी आणि पाडा वर. शहापूर, मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, त्याची वाट बघत ड्रम रस्त्याकडेला रांगेत लावलेले असतात. धरणातलं पाणी मात्र दरी उतरतं, मोडकसागरात येतं, तिथून जलवाहिन्यांनी आणि बोगद्यांनी भांडुपला जातं, तिथे शुद्ध होतं आणि माझ्या नळाला येतं. मी तेच पाणी घरी भरून निघालो होतो, ते संपवून मावशींच्या हंड्यातलं प्यायलो. त्या दिवशी खोडाळ्यापर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

तेव्हापासून फेब्रुवारी ते जून मी या रस्त्याला कसाऱ्यापासूनच पाच लिटर पाणी घेतो. दोन बाटल्या सायकलच्या फ्रेमला, बाकी तीन लिटरची पिशवी पॅनिअरच्या तळाला. पाच किलो वजन वाढतं, चढावर जाणवतं. तरी न्या. खोडाळ्याच्या नाक्यावर दुकानं आहेत, तिथे परत भरता येतं, मधे कुणाच्या हंड्याला हात लावायची वेळ येऊ देऊ नका. फारच जिवावर बेतलं तर अर्थातच मागा, कुणी नाही म्हणणार नाही. नाही म्हणत नाहीत, म्हणूनच आपण आधी विचार करायचा.

मोसम म्हणाल तर ऑक्टोबर ते जानेवारी. ऑक्टोबरात भात पिवळा पडलेला असतो, बांधांवर सोनकीची पिवळी फुलं. जून-जुलैत दरड आणि धुकं, तेव्हा ज्यांना रस्ता माहीत आहे त्यांनीच यावं.

खोडाळ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत चढ, पण हा सावलीचा, आणि वर गेल्यावर प्रदेश एकदम बदलतो. मोकळं पठार आणि अप्पर वैतरणाचा जलाशय. इथे एक फसगत होते, ती आधीच सांगतो. समोरचं गाव पाण्यापलीकडे दिसतं, वाटतं दहा मिनिटांत पोचू. पण फुगवटा हाताच्या पंजासारखा पसरलाय आणि रस्ता प्रत्येक बोटाला वळसा घालत जातो. प्रत्येक बोटाच्या टोकाला ओढा, म्हणजे छोटा उतार आणि छोटा चढ. नकाशात सरळ रेघ मोजू नका. दुपारनंतर पठारावर वारा सुटतो, तो तोंडावर आला तर सपाटीवरही घाटासारखे कष्ट पडतात. धरणाच्या भिंतीवर सायकल न्यायची नाही, पाण्यात उतरायचं नाही. काठ भुसभुशीत असतो आणि दोन पावलांवर एकदम खोल.

तिथून घोटी पंचवीस-तीस किलोमीटर, मग महामार्गाने इगतपुरी आणि कसारा घाट उतरून स्टेशन. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत तीनशे मीटरच्या आसपास फरक आहे. रेल्वेला इथे ३७ फुटांना एक फूट चढ आहे, गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. सायकलवाल्याला हे उतरायचं असतं, तरी मला या राइडचा हाच भाग सगळ्यात कमी आवडतो. अवजड वाहनं, डिझेलचा वास, ओलं ऑइल. डाव्या कडेला राहा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा आणि अंधार पडायच्या आत उतरा. उशीर झालाच तर इगतपुरीला राहा, सोमवारी पहाटे उतरा. नोकरीवर एक दिवस उशिरा गेलं तरी चालतं.

(परत जिन्याखाली. पॅनिअरचा पट्टा ओढून बघतो.)

पुढच्या रविवारी मी तानस्याला जातोय, १८९२ चं दगडी धरण, वाडा रस्त्याने. तोवर एक मदत करा. खोडाळा ते अप्पर वैतरणा रस्ता मागच्या खेपेला मधेमधे उखडलेला होता. कुणी या महिन्यात जाऊन आलं असेल तर खाली लिहा, कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत खडी आहे ते. पातळ टायरवाल्यांना ते आधी कळलं पाहिजे.