दांडीवरचा उंदीर

[दृश्य: नागपूर, मे महिना, भरदुपार. रस्त्यावर दुपट्टे बांधलेली डोकी. कॅमेरा एका फार्मसी कॉलेजच्या आवारात शिरतो.]

निवेदन:
बाहेर पारा ४५ च्या आसपास. या इमारतीत सगळीकडे कूलर घरघरतायत, पण एसी एकाच खोलीत आहे, अ‍ॅनिमल हाउसमध्ये. तो प्राध्यापकांसाठी नाही. उन्हाने मरगळलेल्या उंदरावर औषधाचा परिणाम मोजता येत नाही, म्हणून हा थाट. दिवासुद्धा ठरल्या वेळी लागतो आणि बारा तासांनी विझतो.

पिंजऱ्यात विस्टर जातीचे पांढरे उंदीर. शेपटीवर काळ्या मार्करने काढलेल्या आडव्या रेघा: एकाला एक, दुसऱ्याला दोन. इथे ओळख म्हणजे एवढीच.

[दृश्य: दोन रेघांचा उंदीर. एम.फार्म.ची विद्यार्थिनी त्याच्या पोटात इंजेक्शन देते.]

औषध आहे हॅलोपेरिडॉल, गंभीर मनोविकारांवर देतात ते. किलोमागे १ मिलिग्रॅम. हा उंदीर २५० ग्रॅमचा, म्हणजे पाव मिलिग्रॅम. तासाभराने त्याचे पुढचे दोन पाय नऊ-दहा सेंटिमीटर उंचीच्या एका आडव्या दांडीवर ठेवले जातात आणि स्टॉपवॉच सुरू होतं.

औषध न दिलेला उंदीर दांडीवर फार टिकत नाही. ठेवला की उतरला, आणि लागला कोपरे हुंगायला. हा मात्र तसाच. पुढचे पाय वर, मागचे खाली, मिशा हलतायत, डोळे उघडे. झोपलेला नाही, लुळाही पडलेला नाही. अर्धा मिनिट झाला. एक मिनिट झाला.

पिंजरे सांभाळणारे काका मागून म्हणतात, "दवाई लागली त्याले, ताई. आता काही तो उतरत नाही."

फार्माकॉलॉजीत या अवस्थेला कॅटालेप्सी म्हणतात. हलावंसं वाटणं आणि प्रत्यक्ष हलणं यांच्यामधला दुवा थोड्या वेळासाठी तुटलेला आहे. हा दुवा म्हणजे डोपामिन, मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन.

[दृश्य: आकृती. उंदराचा मेंदू, मधोमध स्ट्रायटम रंगवलेला.]

उंदराचा अख्खा मेंदू दोन ग्रॅमच्या आसपास. त्यातल्या स्ट्रायटम या भागात डोपामिनचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, दाटीने असतात. पैकी आपल्याला हवा तो डी-टू. हॅलोपेरिडॉल त्याच्यावर जाऊन बसतं आणि काहीही करत नाही. गंमत इथेच आहे. एसटी फलाटाला लागते तेव्हा खिडकीतून कुणीतरी आत रुमाल टाकतं. रुमाल कुठे प्रवासाला जात नाही, पण ती सीट आता दुसऱ्याला मिळत नाही. डोपामिन येतं, जागा अडलेली बघतं आणि परत फिरतं.

हे कळायला बरीच वर्षं लागली. औषध आधी हाती आलं, कारण मागाहून. क्लोरप्रोमाझिन फ्रान्समध्ये तयार झालं आणि १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. हॅलोपेरिडॉल १९५८ चं, बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतलं. रुग्ण शांत होत होते, आवाज ऐकू येणं कमी होत होतं. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आपल्याकडे सर्पगंधा होतीच. वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं होतं. तिच्यातलं रेसरपिन १९५२ साली वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी तेच रेसरपिन देऊन ससे निश्चल केले आणि मग एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, देऊन त्यांना पुन्हा हिंडतं केलं. डोपामिन हे स्वतः एक संदेशवाहक आहे, हा विचार तिथून बळावला. १९६३ मध्ये त्यांनी आणि लिंडक्विस्ट यांनी माउस जातीच्या लहान उंदरांत पाहिलं, की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल दिल्यावर डोपामिनची उलाढाल कमी होण्याऐवजी वाढते. तर्क त्यांनी बरोबर लावला: ग्राही अडवलेले आहेत, म्हणून पेशी जास्त जोर लावतायत. २००० सालच्या नोबेलमध्ये कार्लसन यांचा वाटा होता.

पक्का पुरावा १९७० च्या दशकाच्या मध्यावर आला. टोरंटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं हॅलोपेरिडॉल मेंदूच्या ऊतींवर टाकलं आणि कोणतं औषध ग्राहीला किती घट्ट धरतं ते मोजलं. जे जितकं घट्ट, त्याचा रोजचा डोस तितका लहान. क्लोरप्रोमाझिन शेकडो मिलिग्रॅम का लागतं आणि हॅलोपेरिडॉलचे काही मिलिग्रॅम का पुरतात, हे एका तिरक्या रेषेवर दिसलं. स्नायडर यांच्या त्या प्रयोगातला मेंदू वासराचा होता. सगळं श्रेय उंदरांना द्यायची सवय लागलीय, म्हणून सांगून ठेवलं. डी-टूचा जनुक पहिल्यांदा हाती लागला तो मात्र उंदराचाच, १९८८ साली.

[दृश्य: काचेची पेटी, मधोमध लाकडी खांब. बझर वाजतो.]

हे कुक्स पोल. देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत ही पेटी दिसते. बझर वाजला की थोड्या वेळाने पायाखालच्या सळ्यांना हलका विजेचा झटका. शिकलेला उंदीर बझर ऐकताच खांबावर चढतो. अँटिसायकोटिक, म्हणजे हॅलोपेरिडॉलच्या गटातलं औषध, दिलेला उंदीर बझर ऐकतो आणि बसून राहतो. झटका बसला की मात्र झटक्यात चढतो. पाय शाबूत, कान शाबूत. बझरची धास्ती तेवढी गेली.

उंदरांमध्ये सुमारे ६५ ते ७० टक्के डी-टू अडले, की हा परिणाम दिसतो. दांडीवरचा परिणाम दिसायला ८० टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. माणसांत पेट स्कॅनने मोजलं तर आकडे जवळपास तेच निघाले: ६५ टक्क्यांच्या आसपास औषध लागू पडायला लागतं, ७८ च्या वर हातपाय आखडणं आणि थरथर सुरू होते. उपचार करायचे ते या चिंचोळ्या पट्ट्यात. याच गटातलं क्लोझापिन वेगळं पडतं ते यामुळे. ते डी-टूवर सैल बसतं, लवकर उठतं, आणि ८० पर्यंत सहसा जातच नाही.

इथवर सगळं सरळ आहे. पण मेंदू गप्प बसत नाही.

१९७७ मध्ये स्नायडर यांच्याच गटाने उंदरांना तीन आठवडे हॅलोपेरिडॉल दिलं आणि नंतर स्ट्रायटम तपासला. डोपामिनचे ग्राही २० ते २५ टक्के वाढलेले. जागा अडवल्या, तर मेंदूने नव्या जागा काढल्या. दीर्घकाळ औषध घेतलेले काही उंदीर तोंडात काहीही नसताना चघळत राहतात. बराच काळ गोळ्या घेतलेल्या काही रुग्णांच्या ओठांची आणि जिभेची अशीच आपोआप हालचाल होते.

आणि एक घोळ आहे, जो अनेक प्रबंधांतून निसटतो. हॅलोपेरिडॉल उंदराच्या रक्तातून दीड तासात निम्मं होतं; माणसाला त्यासाठी दिवसभर लागू शकतो. म्हणजे दिवसातून एक इंजेक्शन दिलेल्या उंदराचे ग्राही पुढच्या इंजेक्शनपर्यंत बहुतेक मोकळे झालेले असतात. माणसाचे नाही. माणसासारखी स्थिती हवी असेल, तर उंदराच्या कातडीखाली छोटा पंप बसवून औषध सतत सोडावं लागतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच केलं गेलं. ग्राही अडलेलेच राहिले, तरी काही दिवसांत औषधाचा परिणाम ओसरू लागला.

[दृश्य: कोराडी रोड, पागलखाना चौक. प्रादेशिक मनोरुग्णालयाची भिंत. बाहेर पिशव्या घेतलेले नातेवाईक.]

हे मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. विदर्भातल्या खेड्यांतून माणसं पहाटेच्या गाडीने इथे येतात. रोजची गोळी ज्यांच्याकडून चुकते, त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी एकदा द्यायचं इंजेक्शन असतं. ते हळूहळू सुटतं, जवळपास त्या पंपासारखंच. गोळी एकदम सोडली तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि औषध चालू ठेवण्याचीही किंमत असते, हे उंदरांनी दाखवलंय. म्हणून रुग्ण स्थिर झाला की डॉक्टर औषध तोडत नाहीत. जमेल तेव्हा डोस थोडाथोडा खाली आणतात, आणि दर भेटीत एकदा हात पुढे करायला सांगून बोटं थरथरतायत का ते बघतात.