धडकणारं विमान जागचं हलत नाही

...१९८६ला अमेरिकेत एक छोटं विमान प्रवासी विमानाला धडकलं, तर एवढं मोठं विमान त्या छोट्या विमानाच्या पायलटला दिसलं कसं नाही, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात, आणि खरं सांगतो, मला त्याचा त्रास होतो, कारण त्यात मेलेल्या माणसावर आरोप असतो.

आधी माझं ऐका. गेल्या गळीत हंगामात मी कराडकडून येत होतो, डावीकडच्या पाणंदीतून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी, आणि मला तो दिसलाच नाही! काचेच्या कडेला जो खांब असतो ना, त्याच्या आड तो अख्खा वेळ राहिला, मी पुढे सरकतोय तसा तोही सरकतोय, दोघांचा वेग असा जुळला की तो खांबाआडून बाहेरच येईना. शेजारून बायको ओरडली, "अहो, ट्रॅक्टर!" ती जरा पुढे वाकून बसली होती म्हणून तिला दिसला. हसताय, पण पुढच्या वेळी गाडीत डोकं थोडं पुढेमागे करून बघा, मी तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर करतो.

आता खांब काढून टाका, तरी गंमत तीच. दोन वाहनं सरळ, आपापला वेग न बदलता जाताहेत आणि धडकणार आहेत, तर समोरचं तुमच्या काचेत एकाच जागी दिसतं. सरकत नाही, नुसतं मोठं होतं, तेही शेवटच्या काही सेकंदांत भसकन. आपला डोळा हलणारं पटकन टिपतो, स्थिर ठिपका नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, तर मूळ विषय भराभर सांगतो. ३१ ऑगस्ट १९८६, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस, स्वच्छ दुपार. एरोमेक्सिको कंपनीचं डीसी-९ हे प्रवासी विमान उतरायला येतंय, जवळच्या टॉरन्सहून निघालेलं छोटं पायपर विमान परवानगी नसताना विमानतळाच्या नियंत्रित हवाई हद्दीत शिरलंय, त्याच्या ट्रान्सपाँडरमधून, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्रातून, उंची कळत नाही. ते डीसी-९च्या शेपटीला धडकलं. दोन्ही विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५, एकूण ८२ गेले. पायपरच्या पायलटला हार्ट अटॅक आला असं आधी छापून आलं, पण चौकशीत ते टिकलं नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेनं, मुख्य कारण म्हणून नियंत्रण यंत्रणेच्या मर्यादा लिहिल्या, चुकून हद्दीत शिरणं आणि डोळ्यांवर विसंबण्याच्या मर्यादा त्यानंतर. मी ओरडतोय ते हेच!

मग तिकडे मोठ्या प्रवासी विमानांना टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायचं यंत्र, सक्तीचं झालं. ते बघत नाही, विचारतं, दुसऱ्याच्या ट्रान्सपाँडरकडून उत्तर घेतं आणि टक्कर किती सेकंदांवर आहे ते काढून पायलटला वर जा किंवा खाली जा सांगतं. म्हणून छोट्या विमानानंही उंची कळवायलाच हवी. आपल्याकडे टीकॅसची सक्ती झाली १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीत दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेल्यावर, तिथे दोन्ही विमानं मोठी होती, ती गोष्ट वेगळी, आज राहिली.

बाकी चहाला बोलू. गाडी बाहेरच आहे, ज्यांना तो खांब बघायचाय त्यांनी या.