पत्रा किती वेळ उघडा?

(गॅरेजमधल्या डेंटर-पेंटर मंडळींसमोर जळगावात ऐन पावसाळ्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पुढे सरका भाऊ, मागून हा तुकडा दिसायचा नाही. एका पिकअपच्या दरवाजाचा पत्रा आहे. काल संध्याकाळी ८० नंबरच्या पेपरने घासून मी तो पांढरा केला आणि मुद्दाम त्यावर घामट हात टेकवला. आता बघा. पाच बोटं, पाच तांबूस ठसे. घामातलं मीठ आणि रात्रीची दमट हवा, एवढंच लागलं.

मला नेहमी एकच प्रश्न येतो, "भाऊ, उघड्या पत्र्यावर कुठला प्रायमर चांगला?" मी उलट विचारतो, तो पत्रा किती वेळ उघडा राहणार आहे? कारण आपल्याकडे काम एका दमात होत नाही. गिऱ्हाईक सांगून जातं, "सांजले गाडी दी देजो भो," आणि संध्याकाळी ना लाईट असते ना त्याच्याकडे पैसे. कधी इन्शुरन्सचा सर्व्हेअर यायचा असतो, कधी नाशिकहून पार्ट. तोवर गाडी शेडबाहेर, पत्रा उघडा.

प्रायमर न मारता थेट पत्र्यावर पुट्टी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, लावणं हा गुन्हा नाही. बऱ्याच पुट्ट्या त्यासाठीच बनवलेल्या असतात आणि ८० नंबरच्या चरांत त्या घट्ट बसतात. पण पॉलिएस्टर पुट्टीत रेझिनबरोबर शंखजिऱ्याची पूड असते. तीच, जी तोंडाला लावायच्या पावडरीत असते. घासून उघडी पडलेली पुट्टी पाणी पिते. ते पाणी आत राहिलं आणि खाली नागडा पत्रा असला, की गंज आतून सुरू होतो. वरून कलर कितीही चमकू दे.

हे मी माझ्याच हाताने शिकलो. नवीन होतो. यावलकडची एक जीप, केळीवाल्यांची. धूळ नको म्हणून पुट्टी वॉटर पेपरने, पाणी मारून घासली आणि त्याच दिवशी कलर मारला. आरसा! दिवाळीच्या सुमारास गाडी परत आली. दरवाजाच्या खालच्या अंगाला मसुराएवढे फोड. मालक एक शब्द बोलला नाही. माझा हात धरला आणि त्या फोडांवरून फिरवला. पुट्टी उकरली तर खाली सगळं तपकिरी. तेव्हापासून पुट्टी कोरडीच घासतो. धूळ उडते, मास्क लावतो.

आता माझी पद्धत. पत्रा उघडा झाला, की ग्रीस काढायचं लिक्विड लावायचं, पेट्रोल नाही. एका कपड्याने ओलं पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कपड्याने उचलायचं. नाहीतर आपण तेल फक्त पसरवतो. मग त्याच दिवशी टू-के इपॉक्सी, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून मारायचा प्रायमर. त्यातून ओल सहजी आत जात नाही, पत्र्याला पकड चांगली, ॲल्युमिनियमलाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर साधी पुट्टी कधी कधी सुटते, तिथेही इपॉक्सी मध्ये असला की निभतं. पुट्टी त्याच्यावर. किती तासांच्या आत पुढचा थर द्यायचा ते कंपनीच्या शीटवर असतं. ती वेळ टळली तर आधी घासून खरखरीत करा. इपॉक्सी खड्डे भरत नाही, तो वाळतोही सावकाश, आणि डिसेंबरच्या थंड रात्री तर फारच रेंगाळतो. घाई असलेल्यांना आवडत नाही. मला आवडतो.

एच (etch) प्रायमर वेगळा. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते पत्र्याला चावतं. पातळ थर, लवकर वाळतो, घासताना कडेला उघड्या पडलेल्या पत्र्यावर मारायला झकास. पण त्याच्यावर पुट्टी लावू नका. ॲसिड पुट्टीला नीट पकडू देत नाही, नखाने उचकटली तर खपली निघते. कंपनी स्पष्ट सांगत नसेल तर त्याच्यावर इपॉक्सीही नको.

पुट्टीच्या हार्डनरचं, म्हणजे ती कडक व्हावी म्हणून मिसळायच्या पेस्टचं बोलतो, कारण आपली खरी गंमत तिथेच आहे. वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ला टेकतो, तेव्हा फळीवरची पुट्टी हातातच दगड होते. मग मंडळी हार्डनर अगदीच चिमूटभर घालतात आणि पुट्टी आतून मऊ राहते. थंडीत उलट. लवकर व्हावं म्हणून दुप्पट घालतात, आणि तो जादा हार्डनर महिन्याभराने कलरमधून डाग होऊन वर येतो. उन्हाळ्यात काम सकाळी करा, डबा सावलीत ठेवा, एकदा लावून होईल एवढीच कालवा. आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर कालवू नका हो! पुठ्ठा पुट्टीतलं पातळ शोषून घेतो. काचेचा तुकडा घ्या. फेटू नका, दाबून पसरवत मिसळा, नाहीतर हवा अडकते आणि सुईची भोकं पडतात.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची पुट्टी, फक्त त्या भोकांपुरती. जाड लावली की वाळताना आक्रसते, तडकते. शेवटी पीयू सरफेसर, म्हणजे कलरच्या आधीचा पॉलियुरेथेनचा थर. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही.

प्रश्न? हां, गंज काढायचं लिक्विड. ॲसिडवालं असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे पूर्ण धुवा, वाळवा, मगच इपॉक्सी. खड्ड्यातला काळा ठिपका तारेच्या ब्रशने निघेपर्यंत सोडायचा नाही. आणि आरपार भोक असेल तर पत्रा कापा, वेल्डिंग करा. मागून कागद लावून पुट्टी भरलेला एक दरवाजा मी बाहेर ठेवलाय, जाताना बघा. कोणी केला ते विचारू नका.

तुम्ही बोला, मागचे दादा. पैशाचंच विचारणार ना?