फोंड्याची गाडी, चेन्नईचा ट्रॅक

(दृश्य: गोव्यात फोंड्याजवळचं गॅरेज. बाहेर धुवाधार पाऊस. शटर अर्धं खाली.)

जुलै महिना. आत लाकडी ठोकळ्यांवर एक पांढरी होंडा सिटी उभी आहे. कधीकाळी कोणा डॉक्टरांची होती. मागच्या काचेवर गणपतीचा स्टिकर होता, त्याचा गोल डाग अजून दिसतो.

आता तिची शर्यतीची गाडी बनतेय. मागची सीट नाही. एसी नाही, छताचं कापड नाही, दारांच्या आतले पुठ्ठे नाहीत. आवाज कमी व्हावा म्हणून कंपनी तळाच्या पत्र्यावर डांबरी थर चिकटवते, तो मेस्तांच्या (गोव्यात मिस्त्रीला मेस्त म्हणतात) हाताखालच्या पोराने चार दिवस छिन्नीने खरवडला. चुरा गोणीत भरून शेजारच्या वाण्याच्या काट्यावर तोलला. वजन ऐकून मेस्त खूश झाले. वाणी नाही झाला.

खरवडलेला पत्रा रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस भुकटी धरते. बोट फिरवलं की बोटाला लागते. म्हणून कितीही उशीर झाला तरी रेड ऑक्साइडचा हात मारल्याशिवाय शटर ओढायचं नाही, हा ह्या गॅरेजचा नियम.

(दृश्य: वेल्डिंगच्या ठिणग्या. गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा.)

मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतला हा वर्ग म्हणजे इंडियन टूरिंग कार्स. १६०० सीसीपर्यंतच्या, मूळच्या तुमच्या-आमच्या घरातल्या गाड्या. एस्टीम, सिटी, पुढे पोलो. बाहेरून ओळखीच्या, आत डोकावलं की पाइपांचा पिंजरा म्हणजे रोल केज, एकच बादलीसारखी सीट, जाड पट्टे आणि आग विझवायची नळकांडी. लग्नाच्या वरातीत मिरवणारी गाडी अशी सोलून निघते ते बघायला मला शर्यतीपेक्षा जास्त मजा आली, हे आधीच कबूल करतो.

ह्या खेळाचं घर तामिळनाडूत. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिच्यावर कित्येक वर्षं शर्यती झाल्या. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला, ३.७ किलोमीटरचा. कोइंबतूरचा ट्रॅक २००३ चा. त्याला नाव करिवर्धन यांचं, ज्यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन शर्यतीच्या छोट्या गाड्या बनवल्या आणि पैसेवाल्यांचा हा खेळ जरा खाली उतरवला.

गोव्यात कायमचा ट्रॅक नाही. इंडियन रेसिंग लीगमध्ये गोव्याचं नाव लावणारा संघ आहे, पण सराव करायला फोंड्याच्या पोराने जायचं कुठे? रस्त्यावर ही गाडी काढता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. त्यामुळे गाडी इथे बनते, इथे पळत मात्र नाही. ताडपत्रीखाली, ट्रकवर बसून ती अनमोडचा घाट चढते. पहिल्यांदा जोरात पळते ती थेट शर्यतीच्या आठवड्यात, आणि काय राहिलंय ते तिथेच कळतं.

(दृश्य: कोइंबतूर. पिटमध्ये गाडी, बॉनेट उघडं, वाफ.)

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत रेडिएटरच्या होजची क्लिप सुटली. चौथ्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या चौथ्या चकरेला, तापमानाचा काटा लाल रेषेवर. गाडी बाजूला. हेड गॅस्केट गेलं. आठशे किलोमीटर जाणं, आठशे येणं, आणि दोष पन्नास रुपयांच्या क्लिपचा.

परत आल्यावर इंजिन उतरवलं, आणि नेमकी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर. मेस्तांना साखळीला गावी जायचं होतं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची माटोळी घरी त्यांच्याशिवाय कोणी बांधत नाही. आदल्या रात्री अडीच वाजता इंजिन जोडून बंद केलं. घाईत संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, सांधा बुजवायचं सिलिकॉन नेहमीपेक्षा जास्त लावून बसवला. ह्या घाईची किंमत पुढे दिसली.

(दृश्य: चेन्नई. सरळ पट्ट्यावर गाड्या.)

दुसऱ्या फेरीत गाडी वळणांना झकास होती. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी, दाबून वळली की आतलं मागचं चाक चक्क उचलते, खांबापाशी कुत्रं पाय वर करतं तसं. पण सरळ पट्ट्यावर दम नाही. एकेक जण शेजारून निघून जायचा.

ड्रायव्हरने गॅरेजला फोन लावला. "मेस्त, वर ओढतच नाही."

"तू गाडी काढ. फोन कोणाला तरी ट्रॅकच्या भिंतीवर धरायला लाव. ऐकू दे."

मेस्त स्वतः शर्यतीला कधी जात नाहीत. ट्रकमध्ये कंबर धरते. ते फोंड्यात स्टुलावर बसून ऐकतात. हे इंजिन ठरावीक वेगाने फिरू लागलं की त्याचा आवाज एकदम बदलायला हवा. तेलाच्या दाबावर व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतात, त्यालाच व्हीटेक म्हणतात. तीन लॅप ऐकून मेस्त म्हणाले, "बदलत नाही. जाळी बघ."

व्हीटेकच्या सोलेनॉइडखाली, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या कळीखाली, नखाएवढी जाळी असते. तिच्यावर सिलिकॉनचे तुकडे चिकटले होते, करड्या रबरासारखे. चवथीच्या आदल्या रात्रीचे. ड्रायव्हरने ते तळहातावर घेऊन फोटो पाठवला. मेस्तांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोराला सांगून सिलिकॉनची अर्धी ट्यूब कचऱ्यात टाकली.

(दृश्य: गॅरेज, रविवार दुपार. फक्त मेस्त. फोन स्पीकरवर.)

शेवटची फेरी, पुन्हा चेन्नई. ह्या वेळी कॅमेरा मी फोंड्यातच ठेवला.

फोनमधून आधी नुसती घरघर. मग गाड्यांचा घोळका येऊन गेला. मेस्तांनी हात वर केला, मला गप्प राहायला. दुसरा लॅप. गाडी लांबून आली, आवाज चढत गेला, आणि मध्येच कोणीतरी दार उघडावं तसा मोकळा झाला.

"आली," मेस्त म्हणाले.

मी विचारलं, नंबर काय लागेल?

"जातलें," म्हणजे होईल, ते म्हणाले, आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. निकाल लागायच्या आत शटर ओढलं होतं. ट्रक मंगळवारी पोचणार होता का बुधवारी, तेवढं त्यांनी जाताना पोराला विचारून घेतलं.