दोर चार बोटं सरकवला

[दृश्य : मालवण तालुक्यातला किनारा. ओहोटी. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, दोन बैल, मागे माडाचा ओंडका.]

फेब्रुवारीतली सकाळ. ऊन अजून माडांच्या वर आलेलं नाही. समोरची जोडी बघा. पाड्याला जोत शिकवणं चाललंय. मागे नांगर नाही, माडाचा ओंडका आहे. डावीकडे ढवळा, दहा पावसाळे जोत ओढलेला. उजवीकडे पाखऱ्या, जेमतेम तीन वर्षांचा पाडा. दिवाळी झाल्यावर त्याला वेसण घातली, नाक पुरतं सुकू दिलं आणि मगच मानेवर जू ठेवलं.

मागून तात्या चालतायत. हातात कासरा आहे, तोही सैल. चाबूक घरीच.

"तात्यानू, पुळणीत कित्याक?"

"पडलो तर ढोपार फुटाचा नाय."

वरच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, जांभा आहे. तिथे पाडा उधळला तर खूर सोलतो, गुडघा फुटतो, आणि एकदा जुवाखाली दुखलं की तो जू बघितलं तरी मागे सरतो. वाळूत पाय रुततो. पळायला जातो आणि थोडक्यात दमतो. दमला की शेजारच्या ढवळ्याच्या चालीनं चालायला लागतो. त्याला एवढंच शिकायचं असतं.

[दृश्य : जुवाचा मध्य. तात्यांची बोटं दोराची गाठ सोडतायत.]

हे नीट बघा. ओंडक्याचा दोर जुवाच्या बरोबर मध्यावर बांधायचा असतो, तात्यांनी तो चार बोटं ढवळ्याच्या बाजूला सरकवला. दोर ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर जास्त ओढ. पाड्याच्या वाट्याला कमी. तराजूचा काटा एका अंगाला सरकवावा, तसं. पाहणाऱ्याला दोन्ही बैल सारखेच ओढताना दिसतात. खरं ओझं म्हाताऱ्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी पाखऱ्यानं बसकण मारली. जुवासकट खाली. ढवळ्याची मान वाकडी झाली, पण तो जागचा हलला नाही. अशा वेळी शेपूट पिरगळणारे, पराणी टोचणारे मी लहानपणी पुष्कळ पाहिलेत. तात्यांनी पाखऱ्याच्या मानेची जुपणी, म्हणजे जू मानेला बांधणारा दोर, सोडली, वशिंडावर हात ठेवला आणि शेजारी वाळूत बसून राहिले. किती वेळ? आमचा कॅमेरा चालूच होता : अकरा मिनिटं. मग ढवळा एक पाऊल पुढे गेला आणि पाखऱ्या आपणहून उठला.

"तेका मारून उपेग नाय. भियालो तर जन्मभर भितलो."

मी म्हटलं, तुम्ही छान शिकवता. तात्या हसले.

"मी खय शिकयतंय? म्हातारो शिकयता. मी आपलो मागसून चलतंय."

[दृश्य : डोंगरउतारावरचे कुणगे. उन्हाळा, भाजावळीची, म्हणजे शेत भाजल्याची, काळी राख.]

कोकणातली भातशेती म्हणजे हे कुणगे. उतारावर बांध घालून केलेले, काही तर अंगणाएवढेच. नांगर पुरता वळतो न वळतो तोच समोर दुसरा बांध येतो. म्हणून इथे घाटावरचा उंच बैल उपयोगाचा नाही, त्याला वळायलाच जागा लागते. इथला गावठी बैल बुटका, काटक, पेंढ्यावर आणि रानातल्या चाऱ्यावर राहणारा, पावसात दिवसभर भिजला तरी उभा राहणारा. या गुरांना 'कोकण कपिला' या नावानं 2018 मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात श्रावणाच्या आसपास चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात, त्यांत गावठी आणि घाटी असे वेगळे गट असतात. माझं मन कायम गावठी गटात.

पॉवर टिलर आले आणि सपाट मळ्यांत ते काम झपाट्यानं करतात, यात शंका नाही. पण वरच्या कुणग्यापर्यंत ते उचलून न्यायला चार माणसं लागतात. ती चार माणसं मुंबईत आहेत.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. पूर्वी कोणी दोन्ही बैल एकदम विकत नसे. एक म्हातारा ठेवून त्याच्या जोडीला पाडा लावायचा, तो तयार झाला की त्याच्या जोडीला पुढचा. आजचा हा ढवळाही कुणा जुन्या बैलाच्या शेजारी असाच शिकला. आता गोठा मोडतो तेव्हा जोडीच जाते. मग पुन्हा कोणाला पाडा घ्यावासा वाटला, तरी त्याला चाल दाखवायला गावात म्हातारा बैल नसतो.

[दृश्य : जून. पाऊस. तात्या डोक्यावर इरलं घेऊन कुणग्यात.]

मृगात तरवा, म्हणजे भाताची रोपं, रुजला. आता आर्द्रा. उखळणी, म्हणजे पहिली नांगरणी, झालीय, आज चिखल. जांभ्याच्या मातीतून पाणी झिरपून जातं. नांगरानं आणि बैलांच्या खुरांनी ती कालवून तिची रबडी केली, तर तळाशी घट्ट थर बसतो आणि पाणी कुणग्यात ठरतं. लावणी त्यावरच उभी राहते.

दोघांनी पहाटे भिजवलेले कुळीथ खाल्लेत. पहिली फेरी. बांधाशी वळताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, आतल्यानं पाय आखडायचा. पाखऱ्या आत आहे. ढवळा वळला, आणि पाखऱ्या थांबला. कोणी काही म्हणालं नाही. फाळ न उचकटता वळला.

[दृश्य : न्याहारीची वेळ. जू जवळून. पावसाचं पाणी दोरावरून ओघळतंय.]

नाचणीची भाकरी खाऊन तात्या उठले, दोराची गाठ सोडली, चार बोटं सरकवून मधोमध आणली आणि पुन्हा आवळली.

"फुडल्या पावसात अजून दोन बोटां," ते पाखऱ्याच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले. "म्हाताऱ्याक जरा हलका."