जे पाऊल दुखत नाही

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, श्रावणातली सकाळ. कपाशीत निंदण चालू. धुऱ्यावर चपलांची रांग.)

एवढ्या चपला, आणि सगळ्या बाया अनवाणी. आशाताई एकीला विचारतात, ‘मावशी, चप्पल कायले काढली?’

‘अवं बाई, कायी मातीत चप्पल उचलत नाई. दोन तासं झाली का मणाची होते.’

खोटं नाही. इथल्या काळ्या जमिनीचा चिकटा ज्याने अनुभवला, तो शहरातून आलेला ‘अनवाणी फिरू नका’ हा सल्ला ऐकून नुसता हसतो. मावशींना दवाखान्याचं विचारलं तर तेही ठरलेलं आहे: वेचणी सरली की पाहू. त्यांची टाच मात्र तोवर थांबायला तयार नाही.

‘सकायी खाटेवरून उतरलं का टाच टेकवत नाई. चार पावलं चाललं का मंग बरं वाटते.’

या दोन वाक्यांत निम्मं निदान झालं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड पडदा धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. दिवसभर उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी किंवा झिजलेली सपाट चप्पल यांमुळे तो टाचेपाशी दुखावतो. रात्री तो आखडून बसतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सर्वांत वाईट.

(दृश्य: टाचेचा एक्स-रे.)

मग कुणीतरी एक्स-रे काढतं, हाडाला छोटं टोक दिसतं आणि गावभर होतं की मावशीच्या टाचेचं हाड वाढलं. असं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही असतं. ते कापून काढायची गरज सहसा पडत नाही. खाटेवरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, टाचेखाली मऊ तळ असलेली चप्पल घरातही घालायची. बहुतेकांची टाच एवढ्यावर वर्षाच्या आत बरी होते. इंजेक्शनने आराम पडतो, पण तो तात्पुरता. आणि पुन्हापुन्हा घेतलं तर तो पडदा फाटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते.

कुरूप झालं की इकडे बिब्बा लावतात. गरम बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतो, जखम चिघळते. काटा मोडल्यानेच कुरूप होतं हा समजही सगळा खरा नाही. एकाच जागी सतत दाब आणि घासणी झाली की कातडी तिथे कठीण होते. म्हणून दाब हटवल्याशिवाय ते खरवडून काही उपयोग नाही. अंगठ्याचं नख मांसात शिरत असेल तर ते कोपऱ्यात गोल न कापता सरळ कापावं. अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर गाउट म्हणजे युरिक ॲसिडचा विचार करावा. अंगठा हळूहळू दुसऱ्या बोटाकडे झुकून मुळाशी गाठ आली, तर आधी रुंद पंजाची चप्पल. शस्त्रक्रिया दुखण्यासाठी करतात, दिसण्यासाठी नाही.

हे सगळे दुखणारे पाय आज ना उद्या दवाखान्यात पोचतात. आपल्याला काळजी वाटावी ती न दुखणाऱ्या पायांची.

(दृश्य: उपकेंद्र. डोळे मिटून बसलेला शेतकरी. तळपायाला टेकणारा नायलॉनचा धागा.)

हा धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर पायाला जपणारी संवेदना गेली असं समजायचं. अशी माणसं सांगतात, ‘चप्पल पायातून कधी निसटली ते समजलंच नाई.’ शुगरने नसा निकामी होतात, कुष्ठरोगानेही होतात. शेकोटीजवळ पाय भाजतो, काटा आत राहतो, तो माणूस दिवसभर त्यावर डवरणी करतो. अशा पायाची न दुखणारी गरम सूज तर विशेष धोक्याची: आत हाडं मोडत असू शकतात, आणि प्लास्टर करून भार काढला नाही तर पायाचा आकारच बदलतो.

विदर्भाला हे नवं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 पासून कुष्ठरुग्णांची सेवा सुरू झाली. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. बधिर पायासाठी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल असते: आतला थर मऊ रबराचा, बाहेरचा टणक, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. तळव्याला जखम झालीच, तर मलमपट्टीपेक्षा मोलाचं काम म्हणजे तिच्यावरचा भार काढणं.

(दृश्य: जिल्हा रुग्णालय. आईच्या मांडीवर तान्हं मूल, पावलं आत वळलेली.)

हे पाऊलही दुखत नाही. जन्मतः असं आत वळलेल्या पावलाला क्लबफूट म्हणतात. ‘ग्रहण पाळलं नाई’ म्हणून सासू सुनेला बोल लावते. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात विकसित केलेल्या पद्धतीने अशी पावलं मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवून नवं प्लास्टर, साधारण पाच ते सात वेळा. बहुतेक बाळांत टाचेमागच्या कंडरेला, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीला, बारीक छेद द्यावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, 2013 पासून, अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

अवघड भाग पुढे आहे. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपेत. पाऊल सरळ दिसू लागतं, पोरगं रात्री रडतं, आजी म्हणते, ‘काढ वं ते लोखंड.’ बूट सुटले की पाऊल पुन्हा आत वळू लागतं, आणि मग एसटी धरून जिल्ह्याच्या गावी पहिल्यापासून प्लास्टर.